स्मिता पाटील : घडणीची वर्षे

श्रोतेहो, नमस्कार.

स्मिता पाटील यांचे नाव निघाले की आपल्याला आधी आठवतो तो त्यांचा अकाली मृत्यू. १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी त्या गेल्या, आणि त्या दुःखाची सावली त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखनावर पडत आली आहे. आज मात्र मला त्यांच्या पहिल्या चार-पाच वर्षांविषयीच बोलायचे आहे. एखादी तरुण मुलगी अभिनयाचे रीतसर शिक्षण न घेता इतक्या थोड्या काळात इतकी परिपक्व अभिनेत्री कशी झाली, याचे उत्तर मला त्या वर्षांतच सापडते.

त्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे मूळचे खानदेशातील शिरपूरचे, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले आणि पुढे राज्याच्या मंत्रिमंडळात काम केलेले नेते, तर आई विद्याताई समाजकार्यात रमलेल्या. घरात राष्ट्र सेवा दलाचे संस्कार होते. सेवा दलाच्या कलापथकांनी गाणे, नाच आणि नाट्य यांना लोकशिक्षणाचे साधन मानले होते. त्या वातावरणात वाढलेल्या मुलीला रंगमंच ही केवळ मिरवण्याची जागा वाटली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढे त्यांनी ज्या भूमिका निवडल्या, त्यांच्यामागे ही शिकवण उभी होती.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात स्मिता पाटील तेथे मराठी बातम्या वाचू लागल्या. बातम्या वाचायला बसताना त्या जीन्सवरच साडी गुंडाळत, ही आठवण अनेकांनी सांगितली आहे. माझ्या मते त्या आठवणीपेक्षा त्या कामाचे स्वरूप अधिक बोलके आहे. वृत्तनिवेदकाला हातवारे करायचे नसतात, रडायचे किंवा हसायचे नसते. समोरच्या कॅमेऱ्याकडे सरळ पाहत, स्वच्छ उच्चारांत, आपल्या चेहऱ्यावर माणसांचा विश्वास बसेल असे बोलायचे असते. स्थिर चेहऱ्याने कॅमेऱ्याला सामोरे जाण्याचा हा रोजचा सराव एखाद्या अभिनयशाळेतही सहजासहजी मिळाला नसता. त्याच सुमारास, १९७४ मध्ये, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका-चित्रपटात त्यांनी काम केले होते. डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’मध्येही त्या छोट्या भूमिकेत दिसतात.

श्याम बेनेगल यांनी त्यांना दूरदर्शनवर पाहिले आणि १९७५ मध्ये आधी ‘चरणदास चोर’ व नंतर ‘निशांत’ हे चित्रपट त्यांच्या वाट्याला आले. हिंदी चित्रपटातील नायिका गोरीच असली पाहिजे, हा समज तेव्हा घट्ट रुजलेला होता. सावळ्या वर्णाच्या, मोठ्या बोलक्या डोळ्यांच्या या मुलीला कोणतीही रंगरंगोटी न करता पडद्यावर उभे करणे हा दिग्दर्शकाचा निर्णय होता; पण त्या निर्णयाला अर्थ दिला तो स्मिता पाटील यांनी. १९७६ च्या ‘मंथन’मध्ये त्यांनी गुजरातमधील एका खेड्यात दूध घालणारी बिंदू साकारली. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभ्या केलेल्या या चित्रपटात, ज्यांचे पैसे त्यांचेच जगणे पडद्यावर होते, आणि त्या जगण्यात शहरातून आलेली नटी उपरी दिसून चालणार नव्हते. बिंदूचे बसणे, डोक्यावरचा पदर, परक्या माणसाकडे पाहताना डोळ्यांत एकाच वेळी दिसणारा संशय आणि कुतूहल, हे सारे इतके नैसर्गिक आहे की अभिनय कोठे सुरू होतो ते कळत नाही.

आणि मग आली ‘भूमिका’. १९७७ चा हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला आहे. म्हणजे मराठी पडद्यावर आयुष्य घालवलेल्या एका अभिनेत्रीची व्यथा दुसऱ्या मराठी अभिनेत्रीला, तीही विशीतल्या, मांडायची होती. चित्रपटाच्या सुरुवातीलाच चित्रीकरणातील नृत्य आहे. तेथे लाखोंच्या नजरा झेलणारी नायिका, पडद्यावरच्या नावाने उर्वशी, घरी परतते तेव्हा नवऱ्याशी भांडणारी, थकलेली उषा होते. हा पालट दाखवण्यासाठी स्मिता पाटील आवाज चढवण्यावर विसंबत नाहीत. त्यांची चाल मंदावते, खांदे उतरतात, नजर समोरच्या माणसावरून उडून दुसरीकडेच जाते. अल्लड मुलीपासून प्रौढ स्त्रीपर्यंतचा प्रवास त्यांनी ज्या संयमाने उभा केला, त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो सर्वस्वी योग्य होता.

गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेला ‘जैत रे जैत’ याच सुमाराचा. त्यातील चिंधी ही ठाकर समाजातील मुलगी, नको असलेला नवरा सोडून ढोल वाजवणाऱ्या नाग्याला आपल्या मनाने निवडणारी. उषा आयुष्यभर पुरुषांच्या घरांत आपली जागा शोधते. चिंधीला मात्र आपल्याला काय हवे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे आणि ते बोलून दाखवायला ती लाजत नाही. या दोन्ही स्त्रिया एकाच अभिनेत्रीने इतक्या लागोपाठ उभ्या केल्या, याचे मला आजही नवल वाटते.

‘चक्र’साठी मिळालेला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार, ‘उंबरठा’मधील सुलभा, १९८५ चा पद्मश्री किताब, हे सारे नंतरचे. ज्या तरुण श्रोत्यांनी स्मिता पाटील यांना केवळ छायाचित्रांतून पाहिले असेल, त्यांनी आधी ‘भूमिका’ आणि ‘जैत रे जैत’ हे दोन चित्रपट पाहावेत, शक्य असल्यास पाठोपाठ पाहावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नमस्कार.