पलंगाखालची चिमी

हे डोंबिवलीतलं वन बीएचके, तिसरा मजला, आणि बेडरूममधे पलंगाखाली पार भिंतीला चिकटून जे दोन डोळे चमकतायत ना, ती चिमी. भाटी आहे, वय साधारण चार वर्षं. आधी एका आजींकडे होती, त्या मुलाकडे परगावी राहायला गेल्या आणि तिकडे मांजर चालणार नव्हतं, मग एका रेस्क्यू करणाऱ्या ताईंमार्फत चिमी इथे आली. काल संध्याकाळी कॅरियरचं दार उघडलं तशी जी आत घुसली ती अजून बाहेर नाही.

घरातल्यांचा जीव वरखाली होतोय. मुलगी सारखी वाकून बघतेय, बाबा म्हणतायत हात घालून काढू का, आणि आजी म्हणतेय, "अगं उपाशी असेल गं ती, वाटीभर दूध तरी ठेव." सगळं मायेपोटीच चाललंय, पण यातलं एकही आत्ता करायचं नाहीये.

पिल्लू आणलं असतं तर ते एव्हाना पडद्याला लोंबकळलं असतं. मोठ्या मांजराचं तसं नसतं, त्याचं एक घर झालेलं असतं. दाराच्या कडेला, खुर्चीच्या पायाला, माणसाच्या पोटरीला गाल घासून घासून तिने आपला वास तिथे लावलेला असतो आणि त्या वासावरून तिला कळत असतं की ही जागा आपली, इथे झोपलं तरी चालेल. ते सगळं एका दिवसात गेलं, इथे वास परके, माणसं परकी, कुकरची शिट्टी वेगळ्या बाजूने येते, बेल वेगळी वाजते. अशा वेळी लपणं हेच तिचं काम आहे, आणि ते तिला नीट करू द्यायचं.

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठातल्या लोकांनी शेल्टरमधे नव्याने आलेल्या १९ मांजरांवर हे करून बघितलं होतं, तो अभ्यास २०१४ साली छापून आला. दहा जणींना लपायला खोका दिला, नऊ जणींना दिला नाही. खोकावाल्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बऱ्याच निवांत दिसायला लागल्या, बाकीच्यांना त्यांच्या बरोबरीला यायला दोनेक आठवडे लागले. एक पुठ्ठ्याचा खोका, बास. आपल्याकडे तर ऑनलाइन ऑर्डरचे खोके रद्दीत पडलेलेच असतात, एकाला बाजूने भोक पाडा, आत जुनी मऊ चादर टाका आणि जमलं तर आधीच्या घरातलं न धुतलेलं एखादं फडकं मागून आणून त्यातच ठेवा. पूर्ण घर मोकळं सोडू नका. एकच खोली द्या, एका कोपऱ्यात शी-शूचा वाळूचा ट्रे, दुसऱ्या कोपऱ्यात खाणं, पाणी थोडं बाजूला. पहिल्याच दिवशी आंघोळ तर अजिबात घालायची नाही, निरोगी मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते लोक इथेच चुकतात. एकतर मांजराला ओढून काढतात नाहीतर "येईल ती तिची तिची" म्हणून पूर्णच सोडून देतात. मांजर आजारपण लपवण्यात पटाईत असतं, आणि पलंगाखाली असेल तर बोलायलाच नको, आपल्याला फक्त डोळे दिसणार. म्हणून तिच्याकडे टक लावून बघत बसू नका पण ताटली आणि ट्रे यांच्यावर मात्र बारीक नजर ठेवा. मांजर रात्री सगळे झोपल्यावर बाहेर येतं, खातं, शू करतं आणि परत आत जातं, त्यामुळे सकाळी उठल्यावर पहिलं काम हे, की किती खाल्लं आणि ट्रेमधे शूने झालेले वाळूचे किती गोळे आहेत ते बघणं.

पहिल्या रात्री खाल्लं नाही तर घाबरू नका. पण अख्खा दिवस गेला आणि तोंडच लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा, कारण मांजराचं शरीर उपास सहन करणारं नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी लिव्हरमधे जाऊन साचायला लागते आणि लिव्हर बंद पडू शकतं, आणि गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त. आधीच्या घरी जे खात होती तेच सुरुवातीला द्या, भले ते तुम्हाला पसंत नसेल, नवीन खाणं आठवडा-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला. ओलं खाणं किंचित कोमट केलं की वास सुटतो आणि मांजर वासावर खातं.

ट्रेचंही तसंच, जुन्या घरी जी लिटर, म्हणजे ट्रेमधली वाळू, होती तीच आणा. आणि घरी आलेला बोका असेल तर हे नीट ऐका. बोक्याची लघवीची नळी अरुंद असते, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकला की शू बंद होते. बोका ट्रेमधे परत परत जाऊन बसतो, जोर लावतो, ओरडतो, एखादाच थेंब येतो किंवा तोही नाही, आणि घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, उद्या बघू. उद्या नाही, त्याच रात्री दवाखान्यात न्यायचं. रक्तात पोटॅशियम वाढत जाऊन हृदय थांबतं आणि दिवस-दोन दिवसांत बोका जातो, धडधाकट तरुण बोके असे गेलेत. नवीन घराचा ताण हेही लघवीचा त्रास सुरू व्हायचं एक कारण असतं, म्हणून पहिल्या दिवसांत जास्त लक्ष. मांजराला मुळात तहान कमीच, त्यांचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर, त्यामुळे पाण्याच्या दोन-तीन वाट्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि ओलं खाणं रोज थोडं तरी द्या.

आता घरातली आजी दूध ठेव म्हणत होती त्याबद्दल. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. आणि दूध-पोळी, दूध-भातावर मांजर जगतं असं आपण पिढ्यानपिढ्या बघितलं, पण ती मांजरं बाहेर उंदीर, पाली, पाखरं मारून खात होती, फ्लॅटमधल्या चिमीला ते कुठून मिळणार? मांजराला टॉरीन नावाचा घटक लागतो, तो मांसमच्छीतूनच मिळतो आणि पुरेसा तिच्या शरीरात बनत नाही. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय मोठं आणि ढिलं पडतं. हृदयाचं हे कारण १९८७ मधे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यांनी शोधलं आणि मग मांजरांच्या तयार खाण्यात टॉरीन वाढवलं गेलं. घरात मांसमच्छी शिजत नसेल तरी तिला ते लागतंच, चांगलं पाकिटातलं संपूर्ण आहाराचं खाणं आणा. घरातल्या रश्शातलं मटण नको, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात, जरा खायला लागली की डॉक्टरांकडे एक फेरी. वजन, दात, कान, जंताचं औषध, पिसवांचं औषध, तीन आजारांची एकत्र लस आणि रेबीजची लस, शिवाय एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांत एकमेकांना लागणाऱ्या दोन विषाणूंची रक्ततपासणी, घरात आधीचं मांजर असेल तर ही तपासणी होईपर्यंत दोघांना भेटवूच नका. आधीचे कागद नसतील तर लस झालीच असेल असं धरून चालू नका. नसबंदी झालीय का तेही विचारा, रस्त्यावरच्या मांजरांची केली असेल तर कानाचं टोक सरळ कापलेलं दिसतं. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहितीच आहे, बाकी जवळचा असा डॉक्टर शोधा जो मांजरं नियमित बघतो आणि रात्रीचा नंबर कोणाचा लावायचा ते आधीच फोनमधे सेव्ह करून ठेवा.

घरातल्या काही गोष्टी आजच उचलून ठेवा. पॅरासिटामॉल, माणसाची साधी तापाची गोळी, अर्धी दिली तरी मांजर मरू शकतं. कुत्र्याच्या गोचिडीचे परमेथ्रिनवाले थेंब मांजराला कधीही लावायचे नाहीत. फिनाईलने पुसलेल्या लादीवरून चालून ती पंजे चाटते, ते विष तिच्या लिव्हरला पेलत नाही. बुकेमधल्या लिलीचं पान, परागकण, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा किडनी निकामी करतं. आणि खिडकी! ग्रिल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ग्रिलमधून मांजर सहज निघतं, आणि कबुतरासाठी लावलेली नायलॉनची जाळी ती दातांनी कुरतडते. स्टीलची जाळी लावा, मांजर यायच्या आधी.

आता काही दिवसांनंतरचं बघा, बाबा रोज संध्याकाळी त्याच खोलीत जमिनीवर बसून पेपर मोठ्याने वाचतायत, चिमीकडे न बघता. तिची नजर पडलीच तर डोळे हळूच अर्धे मिटायचे, हळूच उघडायचे. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मधे दाखवलं की माणसाने असं केलं की मांजरंही तसंच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्या हाताकडेही यायला तयार होतात. चिमी आता खोक्याच्या तोंडाशी येऊन बसते. कोणाला आठवडा लागतो, कोणाला तीन महिने, आणि शेजारच्यांच्या मांजराशी तुलना करून काही होत नाही.

शेजारच्या काकूंचा प्रश्न नेहमीचाच, सुनेला दिवस गेलेत आणि घरात मांजर? टॉक्सोप्लाझ्मा, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून लागू शकणारा आणि पोटातल्या बाळाला धोक्याचा असा एक परजीवी, त्याबद्दल काळजी घ्यायलाच हवी पण त्यासाठी मांजर बाहेर काढायची गरज नाही. विष्ठेतून ते जंतू पडले तरी दुसऱ्याला लागण करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि तो सुनेने नाही, दुसऱ्या कोणीतरी. कच्चं-अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी यातूनही तीच लागण होते, तिकडेही तेवढंच लक्ष द्या.

आणि गणपतीला कोकणात जाणार असाल तर चिमीला एसटीतून नेऊ नका, नुकतं कुठे हे घर तिचं व्हायला लागलंय. शेजारी किल्ली द्या, दिवसातून दोनदा यायला सांगा, डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवा, आणि शेजारच्या वहिनींना खाणं किती गेलं आणि ट्रेमधे गोळे किती निघाले ते रोज व्हॉट्सॲपवर कळवायला सांगा.