युनिट मान्य झाली, पण विषय?

(बे एरियातल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. दर मे महिन्यात मला हमखास दोन-चार फोन येतात. आवाज खाली गेलेला असतो. ‘ताई, त्याला कम्युनिटी कॉलेजला घालावं लागणार बहुतेक.’ त्यातलं ते ‘लागणार’ मला फार लागतं. मुलगा शेजारच्या खोलीत असतो आणि त्याला ते ऐकू येत असतं. मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सार्वजनिक कॉलेजात, काउन्सेलर आहे. ट्रान्सफरची, म्हणजे तिथून चार वर्षांच्या विद्यापीठात जायची, इच्छा असलेली मुलं दिवसभर माझ्यासमोर बसतात. म्हणून आज ‘लागणार’बद्दल कमी आणि ‘कसं’बद्दल जास्त बोलते.

आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं तुम्ही पाहिली आहेत. तुमच्यातही काही जण तसे आलेले असतील. इथली वाट त्याच जातीची आहे, पण एक मोठा फरक आहे. तिथे डिप्लोमा हातात असल्याशिवाय दार उघडत नाही. इथे, निदान युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) बाबतीत, असोसिएट डिग्री ही दोन वर्षांची पदवी नसली तरी ट्रान्सफर मिळते. त्यांना हवी असतात ६० सेमिस्टर युनिट, म्हणजे अभ्यासक्रम मोजायची एककं (क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात ९०), आणि त्या ६० मध्ये नेमके विषय. आजच्या बोलण्याचा सगळा गाभा या ‘नेमके’ शब्दात आहे.

आधी पदवीचं पाहू. असोसिएट डिग्री म्हणजे साधारण दोन वर्षांची पदवी. ए.ए. आणि ए.एस. या पुढे शिकायच्या दृष्टीने आखलेल्या असतात. ए.ए.एस. अशीही एक असते. ती मुख्यतः थेट नोकरीसाठी असते आणि तिच्यातले बरेच विषय चार वर्षांच्या विद्यापीठात धरले जात नाहीत. कॅलिफोर्नियात २०१० च्या कायद्याने आणखी एक पदवी आली, असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर. ती घेतली की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत (यूसीहून वेगळी, अनेक कॅम्पसची सार्वजनिक व्यवस्था) कुठेतरी प्रवेशाची हमी मिळते आणि उरलेल्या ६० युनिटांत बॅचलर्स पूर्ण करता येते. ‘कुठेतरी’ हा शब्द लक्षात ठेवा. हमी त्या व्यवस्थेची आहे. सॅन होजे किंवा सॅन लुइस ओबिस्पो अशा एखाद्या ठराविक कॅम्पसची नाही.

कम्युनिटी कॉलेजची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या विचारातून १९०१ साली इलिनॉयमध्ये जोलिएट ज्युनिअर कॉलेज निघालं. पदवीची पहिली दोन वर्षं गावातल्या गावात शिकवायची, हा विचार. कॅलिफोर्नियाने १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये ती वाट धोरण म्हणून आखली: हायस्कूलच्या वरच्या एक अष्टमांश मुलांसाठी यूसी, वरच्या एक तृतीयांश मुलांसाठी स्टेट युनिव्हर्सिटी, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं, शिवाय तिथून वर चढायचा जिना. आज या राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. राज्याच्या रहिवाशाला एका सेमिस्टर युनिटची फी ४६ डॉलर. ६० युनिटांचा हिशेब करा, २,७६० डॉलर. यूसीत एका वर्षाची नुसती शिक्षण-फीच १४ हजार डॉलरच्या वर जाते.

आता ‘नेमके’कडे येते. काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. तिला इंजिनिअरिंग करायचं होतं. कामाच्या वेळा सांभाळायच्या म्हणून तिने संध्याकाळचं बिझनेस कॅल्क्युलस घेतलं होतं. ग्रेड उत्तम होती. विद्यापीठाने ती युनिट मान्यही केली असती. पण इंजिनिअरिंगला लागतं ते वेगळं कॅल्क्युलस, ज्यावर पुढचं मल्टिव्हेरिएबल, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि फिजिक्सची साखळी उभी राहते. म्हणजे युनिट ६० मध्ये मोजली जाणार, मेजरमध्ये, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयात, मात्र धरली जाणार नाहीत. साखळीची पहिली कडी चुकली की पुढची प्रत्येक कडी एक सेमिस्टर मागे सरकते. तिचं एक अख्खं वर्ष गेलं. मला आजही वाटतं, तिला पहिल्याच आठवड्यात कुणी अर्धा तास द्यायला हवा होता.

हे एकट्या तिचं दुःख नाही. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालाचा अंदाज असा की, २००४ ते २००९ मध्ये कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट, म्हणजे मिळवलेली युनिट, वाया गेली. हा आकडा देशभरातल्या सगळ्या प्रकारच्या ट्रान्सफरचा आहे. कॅलिफोर्नियात सार्वजनिक कॉलेजातून सार्वजनिक विद्यापीठात जाताना हे टाळायचं साधन फुकट उपलब्ध आहे. असिस्ट नावाची राज्याची अधिकृत वेबसाइट आहे. आपलं कॉलेज निवडायचं, जायचं ते विद्यापीठ निवडायचं, मेजर निवडायचं. डावीउजवीकडे दोन याद्या दिसतात: तिकडचा हा विषय म्हणजे इकडचा हा विषय. यालाच करार म्हणतात. कधी तिकडच्या एका विषयासाठी इकडचे दोन लागतात. कधी समोर लिहिलेलं असतं की असा विषय या कॉलेजात नाही. मग तो शेजारच्या कॉलेजात घ्यायचा. खासगी विद्यापीठं या यादीत नाहीत, त्यांना स्वतंत्र विचारावं लागतं.

म्हणून मी उलट्या दिशेने चालायला सांगते. आधी दोन-तीन विद्यापीठं आणि मेजर, मग त्यांचे करार, आणि त्यानंतर पहिल्या सेमिस्टरचं वेळापत्रक. सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलांनी जनरल एज्युकेशनच्या, म्हणजे मेजरबाहेरच्या सर्वसाधारण, विषयांत गुंतून मेजरची तयारी मागे टाकू नये. अगदीच ठरत नसेल, तर दोन मेजरना सामाईक असलेले विषय आधी घ्यावेत.

आणि वेळ. ‘दोन वर्षं आहेत’ असं सगळे म्हणतात. दोन नाहीत हो! यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात जातो. तेव्हा हातात असतात पहिल्या वर्षाच्या ग्रेड, फार तर मधल्या उन्हाळ्याच्या. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची लेखी हमी देतात. तिचा अर्ज त्याच्याही आधी, सप्टेंबरात करावा लागतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो अशी हमी देत नाहीत. म्हणजे पहिल्या सेमिस्टरमधला ‘सी’ हा सरावातला ‘सी’ नसतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांची मुलं हायस्कूलमध्ये असतानाच उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजचे वर्ग घेतात. चांगलं आहे, अवश्य घ्या. फक्त ती ग्रेड कॉलेजच्या कायमच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, उमटते आणि पुढे प्रत्येक अर्जात दाखवावी लागते, एवढं मुलाला आधी सांगा.

एक गोष्ट खास आपल्या घरांची. मूल एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या एच-वन व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल, तर २१ व्या वर्षी तो दर्जा संपतो, आणि ट्रान्सफरचं वय नेमकं २०-२१. एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, गेलं की दर सेमिस्टरला पूर्णवेळ, म्हणजे साधारण १२ युनिट घ्यावी लागतात आणि फी अनिवासी विद्यार्थ्याची लागू होऊ शकते. वकिलाशी आणि कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागाशी अठराव्या वर्षीच बोला.

ती बिझनेस कॅल्क्युलसवाली मुलगी तिसऱ्या वर्षी ट्रान्सफर झाली, मेकॅनिकलला. जायच्या आधी भेटायला आली, तेव्हा तिची धाकटी बहीण बरोबर होती. बहिणीच्या हातात असिस्टच्या करारांचे तीन छापील कागद होते आणि कॅल्क्युलसच्या ओळीखाली लाल पेनाची रेघ होती. बाहेरच्या टेबलावर मी तशाच काही प्रती ठेवल्या आहेत. पालकांनी त्या पाहाव्यात, पण घरी गेल्यावर संगणकापुढे मुलांना बसू द्या.