‘मूळ किंमत’ नेमकी कुणी मोजली?

मंडळी, पत्रिकेत माझा विषय असा छापलाय: ‘सवलतीआधीची किंमत म्हणून गेल्या तीस दिवसांतली सगळ्यात कमी किंमतच छापायची, असा कायदा आपल्याकडे हवा.’ त्या मागणीकडे मी येणार आहेच. पण ती का करायची हे कळायला आधी कूपनांचा हिशेब मांडावा लागेल. समोर बरेच जण पिशव्या घेऊन थेट खरेदीहूनच आलेले दिसताहेत, तेव्हा बिलं जवळ असतीलच. काढून ठेवा.

डिपार्टमेंटल स्टोअरच्या दारात पाटी असते: ‘5000 ची खरेदी करा, 2500 ची व्हाउचर मोफत.’ वाचताक्षणी मनात पन्नास टक्के उमटतात. आता कूपनाची मागची बाजू वाचू. 2500 चं एक कूपन नसतं, 500 ची पाच असतात. एका बिलाला एकच चालतं. ते बिल किमान 2500 चं लागतं. सेलमधल्या मालाला, घड्याळांना, परफ्यूमला चालत नाही. आणि मुदत पुढच्या महिन्यात सुरू होऊन त्याच महिन्यात संपते.

मांडा कागदावर. पहिल्या दिवशी 5000 दिले. पाच कूपनं वापरायची म्हणजे 2500 ची पाच बिलं, 12,500 चा माल. त्यातून 2500 वजा, खिशातून गेले 10,000. एकूण 15,000 देऊन 17,500 चा माल घरी आला. सवलत किती? 14.3 टक्के! तीही पाच वेळा खेप घातली तर. एकच कूपन वापरलं तर 7500 च्या मालाला 7000 पडतात, म्हणजे 6.7 टक्के. एकही वापरलं नाही तर शून्य. पाटीवरच्या पन्नासातलं ग्राहकाच्या हाती हे एवढंच लागतं. आणि कूपन मिळाल्यावर पहिल्या खरेदीतला शर्ट मापात बसत नाही म्हणून परत करायला गेलात, तर काउंटरवर कूपनाची रक्कम वळती करतात आणि उरलेल्याची क्रेडिट नोट हातात ठेवतात. म्हणून मापाबद्दल शंका असेल तो कपडा कूपन देणाऱ्या बिलात घालूच नका, त्याचं बिल वेगळं करा.

मागून कुणीतरी ‘पन्नास अधिक चाळीस’ म्हणालं. बरोबर, तोही प्रकार बघू. 50 अधिक 40 म्हणजे 90 नव्हे. 1000 चे आधी 500 होतात, मग त्या 500 वर 40 टक्के, म्हणजे 300. सवलत 70 टक्के. ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे 33.3 टक्के, पण एकच शर्ट हवा असणाऱ्याला तिसरा गळ्यात पडतो. बिलात सवलत तिन्ही शर्टांवर वाटलेली असते, त्यामुळे 1500 चा शर्ट परत केला तर 1000 च मिळतात.

आता कराचं बघा, कारण इथे सर्रास फसगत होते. छापील किंमत सगळे कर धरून असते. तरी ‘फ्लॅट 40 टक्के’च्या पाटीखाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ लिहितात. 2000 चा कुर्ता 1200 ला, त्यावर 5 टक्के, झाले 1260. सवलत 37 टक्क्यांवर आली. सवलतीच्या किमतीवर असा कर वरून लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2017 मध्ये, जीएसटीआधीच्या व्हॅट या विक्रीकराच्या काळातच, स्पष्ट केलंय. बिल बघा, तिथेच काउंटरवर बोला.

दुसरी गोष्ट बिलात दिसतच नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के जीएसटी, त्याहून महाग कपड्यावर 18. आणि दर ठरतो तो प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर. 2999 च्या लेबलात 18 टक्के धरलेत, दुकानाकडे 2541 राहतात. 20 टक्के सवलत दिली की किंमत 2399 होते, कर 5 टक्क्यांवर येतो आणि दुकानाकडे 2285 राहतात. तुम्हाला 600 रुपये सुटले, पण दुकानाचे गेले फक्त 256. निम्म्याहून अधिक सवलत सरकारी तिजोरीतून आली.

पण मुळात 2999 आले कुठून? आपल्याकडे 1990 पासून पाकिटावर सर्व करांसह कमाल किंमत छापावी लागते आणि तिच्याहून जास्तीला विकता येत नाही. ती किंमत केवढी छापायची यावर मात्र बहुतेक मालाला बंधन नाही. 500 ला पडलेल्या शर्टावर 1000 छापले तर मार्कअप, म्हणजे पडत्या किमतीवर चढवलेली रक्कम, शंभर टक्के, 2500 छापले तर चारशे. दोन्ही कायदेशीर. सीझन संपताना जानेवारी-जुलैत सेल लागणार हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे तेव्हाची सवलत लेबल छापतानाच किमतीत धरतात. हृदयातल्या स्टेंटच्या बाबतीत हीच तऱ्हा इतकी विकोपाला गेली की सरकारला फेब्रुवारी 2017 मध्ये कमाल मर्यादा घालावी लागली. शर्टासाठी कुणी तसं करणार नाही, करूही नये. शर्टाला वेगळा उपाय आहे.

तुम्ही म्हणाल, मग एखादं दुकान सरळ किंमत का लावत नाही? लावली होती. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या डिपार्टमेंटल स्टोअरच्या साखळीची गोष्ट सांगतो. ॲपलची दुकानं उभी करणारा रॉन जॉन्सन 2011 च्या अखेरीस तिथे प्रमुख झाला. त्याने हिशेब काढला, तर वर्षाला 590 योजना निघत होत्या आणि जवळजवळ पाऊण विक्री निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत होत होती. पुरत्या किमतीत जवळपास काहीच विकलं जात नव्हतं. म्हणजे लेबलावरची किंमत कुणी देतच नव्हतं. 1 फेब्रुवारी 2012 पासून त्याने कूपनं बंद केली आणि लेबलं थेट खाली आणली. झालं काय? गिऱ्हाईक गेलं. एका वर्षात विक्री 17.3 अब्ज डॉलरवरून 13 अब्जांवर आली, तोटा 98.5 कोटी डॉलर झाला आणि एप्रिल 2013 मध्ये जॉन्सनला जावं लागलं. कूपनं परत आली. यावरून ‘लोकांनाच फसवून घ्यायला आवडतं’ असं म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. शेजारचं दुकान ‘60 टक्के सूट’ ओरडत असताना एकट्या दुकानाची सरळ किंमत ग्राहकाला ओळखता येत नाही, कारण तुलना करायला त्याच्या हातात दुसऱ्याची खोटी मूळ किंमतच असते. नियम सगळ्यांना एकदम लागला तरच सरळ दुकान टिकेल. आणि याच साखळीने 2015 मध्ये, जॉन्सनच्या आधीच्या काळातल्या खोट्या मूळ किमतींच्या दाव्यात, 5 कोटी डॉलर देऊन तडजोड केली, हेही लक्षात ठेवा.

अध्यक्षांनी पाच मिनिटांची चिठ्ठी दिली आहे, तेव्हा मागणी भरभर सांगतो.

युरोपीय संघात 28 मे 2022 पासून नियम आहे: किंमत कमी केल्याची जाहिरात करायची तर आधीची किंमत म्हणून मागच्या किमान तीस दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवायची. दुकानदार ती कोपऱ्यात छापून टक्केवारी मात्र चढ्या आकड्यावर काढू लागले, तेव्हा सप्टेंबर 2024 मध्ये युरोपीय न्यायालयाने टक्केवारीही त्या कमी किमतीवरूनच काढावी लागेल, असा निवाडा दिला. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही, कलम 2(47) मध्ये, माल एरवी कोणत्या किमतीला विकला जातो याबद्दल दिशाभूल करणं ही अनुचित प्रथा आहे. अडचण एवढीच की ‘एरवी’ म्हणजे किती दिवस हे लिहिलेलं नाही, आणि ग्राहक ते सिद्ध कुठून करणार? दुकानाच्या संगणकात मात्र प्रत्येक बारकोडची रोजची किंमत असते. म्हणून तीस दिवस हवेत, त्याच दुकानातले, त्याच बारकोडचे. तीस दिवसांहून नवा माल असेल तर खोडलेली किंमत छापायचीच नाही. आणि कूपनाच्या पाटीवर सगळ्या अटी पाळून हाती येणारी टक्केवारी सगळ्यात मोठ्या अक्षरात हवी. वरच्या उदाहरणात तिथे 14.3 दिसले असते.

कायदा होईपर्यंत पुरावा आपणच जमवायचा. सेलच्या आधी एकदा लेबलाचा फोटो घ्या, बारकोड आणि स्टाइल नंबर वाचता येतील असा. सेलमध्ये त्याच बारकोडच्या लेबलाचा, पाटीचा आणि कूपनाच्या मागच्या बाजूचा फोटो घ्या. मधल्या काळात लेबलावर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असेल तर तेही फोटोत येऊ द्या. बिलाची शाई उडते, म्हणून त्याचाही फोटो काढा. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जा. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. तक्रारीत ‘फसवलं’ एवढंच लिहू नका: लेबलाची किंमत, पाटीवरची टक्केवारी, प्रत्यक्ष दिलेली रक्कम आणि सेलआधीच्या व सेलमधल्या फोटोंच्या तारखा, हे चार तपशील पहिल्याच परिच्छेदात आले पाहिजेत. आता ती बिलं काढा. जीएसटी वेगळा लावलेलं ज्यांना सापडेल त्यांनी डावीकडच्या टेबलाशी थांबा, अर्ज आजच भरून घेऊ.