ऐंशी रुपये, उसने

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आहे स्वावलंबन आणि आपली जबाबदारी. या विषयावर बोलायचं म्हटलं की मला गिरगावातली एक गच्ची आठवते, जिथे लिज्जत पापडाची सुरुवात झाली. मी ती पाहिलेली नाही. पण तिची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की ऐकणाऱ्याला वाटावं, मी तिथेच पाट टाकून बसले होते.

१५ मार्च १९५९. मुंबईत उन्हं तापायला लागलेली. लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या आणि उडदाचे पापड लाटायला बसल्या. गुजराती घरांतल्या बायका. शिक्षण बेताचं, त्यामुळे नोकरी कोण देणार? पण पापड प्रत्येकीच्या हातात होता. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्याच एक. भांडवल किती? ८० रुपये. समाजसेवक छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांच्याकडून आणलेले. आणि एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: ते पैसे उसने होते. देणगी नव्हती. उसने, परत करायच्या बोलीवर आणलेले.

पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. भुलेश्वरचा एक व्यापारी माल घ्यायला लागला. तीन महिन्यांत सातच्या पंचवीसेक बायका झाल्या. मोडके पापड निघायचे ते शेजारीपाजारी वाटून टाकायचे. मोडका पापड विकायचा नाही.

आणि मग जून आला.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. उडदाचा पापड, त्यात पापडखार, आणि बाहेर मुंबईचा पाऊस. सकाळी लाटलेला पापड संध्याकाळी हाताला चिकटतो, दुसऱ्या दिवशी वास मारतो. गच्ची भिजलेली, खाली खोल्या एवढ्याशा, त्यात घरच्यांचे ओले कपडे दोऱ्यांवर. वाळवण घालणार कुठे? त्या बायकांचं काम बंद पडलं. आठवडा-पंधरा दिवस नाही, चार महिने. नुकता कुठे जम बसत होता, स्वतःच्या कमाईचे चार पैसे आयुष्यात पहिल्यांदा हातात यायला लागले होते, आणि चार महिने बंद.

अशा वेळी माणूस काय करतो? कुणाच्या तरी दारात जातो. मुंबईत तेव्हा दानशूर माणसांची वाण नव्हती. बायाबापड्यांचा उद्योग आहे, पावसाने बसला आहे, काही मदत करा, एवढं म्हटलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण या बायकांनी सुरुवातीलाच आपसांत ठरवलं होतं: नुकसान झालं तरी चालेल, देणगी मागायची नाही. कुणाकडेही मागायची नाही. उसने आणू, फेडू, पण हात पसरणार नाही. तो निश्चय त्यांनी मोडला नाही. चार महिने थांबल्या, आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा पाट-लाटणी घेऊन बसल्या. त्या पहिल्या वर्षाची त्यांची विक्री ६,१९६ रुपये. चार महिने काम बंद असलेल्या वर्षाची ही विक्री आहे, हे विसरू नका.

आता दुसरं वर्ष. पुन्हा जून येणार, पुन्हा पाऊस लागणार, हे ठाऊकच होतं. या खेपेला त्यांनी दोन वस्तू विकत घेतल्या. एक खाट आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. वरून धो धो पाऊस पडतो आहे आणि खोलीत पापड वाळताहेत!

हे त्यांना कसं सुचलं असेल, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी नेहमी सांगते, अहो, बाळंतिणीची बाज आठवा. खाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-शेपा टाकलेल्या, आणि वर बाळ-बाळंतीण शेकत पडलेली. ज्या बाईने त्या बाजेवर दिवस काढलेत, तिला खाटेखालची ऊब कोणी शिकवावी लागते का? हा माझा अंदाज आहे, कुठे लिहिलेलं नाही. पण मला तो खरा वाटतो. कारण हा तोडगा कुणा इंजिनिअरने दिलेला नाही, सरकारी खात्याने दिलेला नाही. तो घरातच होता. फक्त, अडचण आपली आहे आणि ती आपणच सोडवायची आहे, असं मनाशी धरावं लागलं. एक खाट, एक स्टोव्ह. पुढच्या पावसाळ्यात काम थांबलं नाही.

जाता जाता एक सांगते. हल्ली आपल्या सोसायट्यांच्या गच्च्यांना कुलपं असतात. किल्ली सेक्रेटरीकडे, आणि वाळवण घालायचं म्हटलं की नियम दाखवतात. मला हे मुळीच पटत नाही. कुरडया, सांडगे, पापड्या वाळल्या म्हणजे इमारतीची शोभा जाते, हे कुणी ठरवलं? त्या सात जणींना तेव्हा कुलूप लावलेली गच्ची मिळाली असती तर आज मी तुम्हाला काय सांगितलं असतं? असो.

तर मंडळी, ही जबाबदारी फक्त पावसापुरती नव्हती. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करायच्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच पापड करा आणि चांगलाच करा, आणि हिशेब चोख ठेवा. उसने पैसे देणाऱ्याने पैशांपेक्षा मोठं काही दिलं असेल तर ते हे. हिशेबाचं म्हणाल तर माझं ठाम मत आहे की घरातल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला दहाव्या वर्षापासून जमाखर्चाची वही घालून द्यावी. मोबाइलमध्ये हिशेब आपोआप राहतो हे खरं, पण आपल्या हाताने लिहिलेला खर्च मनाला लागतो.

लिज्जत हे नाव नंतरचं, १९६२ मधलं. तोवर बायकांची संख्या तीनशेच्या वर गेली होती आणि गच्ची पुरेना. तेव्हा पीठ घरी न्यायची पद्धत सुरू झाली. सकाळी तिंबलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी तयार पापड आणून तोलून द्यायचे, आणि वणाई, म्हणजे लाटल्याचे पैसे, घ्यायचे. कधी लाटायचे, किती लाटायचे, मुलं शाळेत गेल्यावर की स्वयंपाक आवरल्यावर, ते जिचं तिने ठरवायचं. वर साहेब नाही. मला विचाराल तर स्वातंत्र्य ते हेच. पण कसं स्वातंत्र्य? पापड जाड झाला, कच्चा राहिला, त्याला केस लागला, तर नाव सगळ्यांचं जातं. म्हणून जिच्या घरी पीठ द्यायचं तिचं घर आधी बघतात. जागा आहे का, स्वच्छता आहे का. यात अपमान मानायचं कारण नाही. ती मालकीण आहे, आणि मालकिणीचं घर स्वच्छ असायला हवं.

हो, मालकीण. तिथे काम करणारी प्रत्येक बाई भगिनी म्हणवते आणि संस्थेची मालकीणही असते. नफा आणि तोटा दोन्ही वाटून घ्यायचे. तोटासुद्धा, बरं का! नफ्यात वाटा मागणारे पुष्कळ भेटतात. सभासद फक्त बायका. पुरुष असतील ते पगारावर. आज अशा सुमारे ४५ हजार भगिनी आहेत, आणि जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

मला काही जण म्हणतात, स्वावलंबन म्हणजे कुणाची मदतच घ्यायची नाही. मला ते मान्य नाही. त्या सात जणींनी ८० रुपये घेतलेच ना? सल्लाही घेतला. शेजारणींना बरोबर घेतलं. फक्त जे घेतलं ते उसने म्हणून घेतलं, आणि जे बुडेल ते आपलं म्हणून मान्य केलं. एकटीने हे झालं नसतं. चार महिने रिकाम्या हाताने थांबायचं, तर शेजारी तशीच थांबलेली दुसरी बाई लागते.

ज्या श्रोत्या भगिनींना घरबसल्या काम हवं आहे, पण घर लहान आहे म्हणून संकोच वाटतो, त्यांच्यासाठी शेवटी एक सांगते. घरी जागा नसली म्हणून लिज्जतमध्ये कुणाला परत पाठवत नाहीत. पीठ तिंबायला, माल तोलायला, पाकिटं भरायला केंद्रावरही हात लागतात.

वेळ संपत आली. इथेच थांबते. नमस्कार.