ऐरोलीच्या बोटीत कोणती झूम न्यावी?

मंडळी, हॉलच्या दारातच दोघांनी गाठलं. ‘सर, झूम लेन्स कंपनीची घेऊ की सिग्मा-टॅमरॉनची?’ कंपनीची म्हणजे कॅमेरा बनवणाऱ्याचीच. अहो, त्याही कंपन्याच आहेत! टॅमरॉन १९५० ची, सिग्मा १९६१ ची. त्यांना डुप्लिकेट चार्जरच्या पंगतीला बसवू नका.

रोजच्या वापरातल्या झूमचं उदाहरण घ्या. एमएमचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त. सोनीची पहिली २४-७० एमएम जी मास्टर (त्यांची वरच्या दर्जाची मालिका), एफ २.८, आली २०१६ मध्ये. वजन ८८६ ग्रॅम. दोन वर्षांनी टॅमरॉनने सोनी माउंटसाठी (माउंट म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडायची खाच) २८-७५ काढली, तीही एफ २.८. वजन ५५० ग्रॅम, किंमत निम्म्याहून कमी. मग गेलं काय? रुंद बाजूचे चार एमएम. तलावपाळीवर संध्याकाळी फिरताना ते आठवणारही नाहीत. पण लग्नाच्या हॉलमध्ये तुमची पाठ भिंतीला टेकलेली असते आणि स्टेजवर वधूचं अख्खं माहेर उभं असतं. तिथे कडेचे मामा कापले जातात, आणि मामा ते विसरत नाहीत. जाता जाता सांगतो, निकॉनच्या झेड माउंटची २८-७५ उघडलीत तर आत १५ भिंगं, १२ गटांत. टॅमरॉनच्या त्या पहिल्या २८-७५ मध्येही १५ भिंगं, १२ गटांत. काय समजायचं ते समजा.

काचेवरून भांडण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. खरी मेख आहे ती बॉडी (म्हणजे लेन्सविना कॅमेरा) आणि लेन्स एकमेकांशी काय बोलतात त्यात. सोनीने २०११ मध्ये ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना खुली केली. कॅननचा आरएफ माउंट २०१८ चा. सिग्मा-टॅमरॉनच्या ऑटोफोकस झूमना तिथे परवाना मिळाला थेट २०२४ मध्ये, तोही लहान सेन्सरसाठीच्या लेन्सना. परवाना नसेल तर दाराला कान लावून आतली भाषा शिकावी लागते, आणि घरमालकाने उद्या बोली बदलली की पंचाईत. माझी एक जुनी झूम नव्या बॉडीवर चढवली, पहिल्याच क्लिकला एरर. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘लेन्स ठणठणीत आहे, फक्त हिला आता ह्याचं बोलणं कळत नाही.’ तेव्हा लेन्सचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट होईल की नाही, हे घेण्याआधी विचारा. सोनीनेही सगळं दिलेलं नाही बरं का. सेकंदाला ३० फ्रेम काढणारी त्यांची बॉडी दुसऱ्यांची लेन्स लावली की १५ वर येते.

आता ऐरोली. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो चिखलात मान घालून तासन् तास चरतात. त्यांना ३० फ्रेम काय करायच्या? तिथे सिग्माच्या कंटेम्पररी मालिकेतली १५०-६०० उत्तम. साधारण १.९ किलो, निकॉनची २००-५०० सव्वादोन किलोच्या पुढे जाते. निकॉनची शेवटपर्यंत एफ ५.६ राहते, सिग्मा टोकाला ६.३ होते, म्हणजे एक तृतीयांश स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). हलत्या बोटीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, सगळं हातावर. मी हलकी नेईन. पण येऊरच्या जंगलात झाडीतून सुसाट निघालेला शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) टिपायचा छंद असेल, तर पैसे साठवा आणि बॉडीवाल्याचीच घ्या. तिथे मी वाद घालणार नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेली लेन्स, महाग असो की स्वस्त, बुरशी धरणारच. ड्राय कॅबिनेट (हवेतला ओलावा कमी ठेवणारं कपाट) ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा. ते परवडत नसेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल. माउंटला रबरी कडं आहे म्हणजे सगळी लेन्स पाणीरोधक, असंही समजू नका. त्या कंटेम्पररीला सील फक्त माउंटपाशीच आहे.

आणि दुकानात स्वतःची बॉडी घेऊन जा. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवायला सांगा, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) पूर्ण उघडं ठेवून समोरून सरळ फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा पुसट आला, तर भिंगं किंचित तिरकी बसलीत. त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.