उत्तर बरोबर, उतारा कळलेलाच नाही

फळ्यावर एक वाक्य लिहा : 'द ब्लिम्स झॉग्ड अ टार्क बिहाइंड द हिल.' काडीचाही अर्थ नाही त्याला. आता विचारा, 'व्हेअर डिड द ब्लिम्स झॉग अ टार्क?' सातवीतलं पोरगंही सांगेल, 'बिहाइंड द हिल'. झाले गुण वसूल! दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, उताऱ्याखालची पहिली कृती साधारण अशीच, सरळ माहितीची असते. वर्षभर आपण शिक्षक सराव घेतो तोही तिचाच. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ उतरवायची. पुढच्या, तर्काच्या कृतीला मुलं अडतात यात मग नवल ते काय?

अवघड शब्दांमुळे अडतं, अशी आपली समजूत. पण हे वाक्य बघा : 'द मॅन हू सोल्ड हिज बुल टू अवर नेबर लेफ्ट द व्हिलेज.' एकही शब्द अवघड नाही. गाव कोणी सोडलं? निम्मा वर्ग म्हणेल, शेजाऱ्याने. कारण 'लेफ्ट'ला चिकटून 'नेबर' बसलाय. मराठीत 'ज्या माणसाने शेजाऱ्याला बैल विकला, तो गाव सोडून गेला' यातला 'तो' आपल्याला कर्त्याकडे परत नेतो. इंग्रजीत 'हू' आहे, पण असा 'तो' नाही. अशी वाक्यं मराठीत जो-तो लावून बोलून घ्या. 'टू टायर्ड टू वॉक'चंही तेच : त्यात 'नॉट' कुठे दिसत नाही, म्हणून 'इतका दमला की चालवेना'चं 'खूप दमून चालला' होतं. 'अनलेस' आणि 'हार्डली' याच जातीचे, नकार पोटात लपवणारे.

तासिका 35 मिनिटांची धरली तर उतारा सव्वाशे शब्दांचा पुरे. आधी तीन-चार शब्दांचेच अर्थ द्या. सगळेच दिलेत तर संदर्भावरून अंदाज बांधायला उरतं काय? पहिली पाच मिनिटं मूकवाचन, पेन्सिल खाली. दुसऱ्या वाचनात 'ही', 'इट', 'दे', 'धिस' यांना गोल करून, ते ज्याच्याबद्दल आहेत तिथपर्यंत बाण. चूक कुठे झाली ते बाणच दाखवतो. 'धिस'चा बाण कधी कधी मागच्या आख्ख्या वाक्याकडे जातो, तिथे जरा थांबा.

पाळीपाळीने मोठ्याने वाचणं उच्चारासाठी ठीक. पण आपली पाळी येईपर्यंत पोर स्वतःचीच ओळ घोकत असतं, मधला उतारा त्याच्या कानावरही पडत नाही.

उत्तर आधी मराठीत सांगू द्या. कळलं नाही, की कळूनही इंग्रजीत मांडता आलं नाही, हे तेव्हाच समजतं. दोन्हींचे इलाज वेगळे.

वहीत प्रत्येक उत्तराशेजारी ओळीचा क्रमांक हवा. तर्काच्या उत्तराला बहुधा दोन ओळी जोडाव्या लागतात. तिथे एकच क्रमांक दिसला, तर वही परत द्या आणि एवढंच विचारा, 'दुसरी ओळ कुठली?'