चार्जर बदलायचा तर आधी बारीक तार तोडा

नमस्कार मंडळी. हा टॉर्च बघा. रात्री गव्हाच्या ओलिताला वावरात जातो तेव्हा हाच डोक्याला बांधतो. याला यूएसबी-सी पोर्ट आहे, पण दोन्ही बाजूंनी सी असलेली केबल लावली की चार्ज होत नाही. जुन्या चपट्या तोंडाच्या चार्जरला लावला, की लगेच लाल दिवा! तुमच्याकडेही असा एखादा टॉर्च असेल. फेकू नका.

खोलून दाखवतो. पोर्टात सीसी नावाच्या दोन पिना असतात. प्रत्येकीवरून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा रेझिस्टर हवा. तो दिसला, की सी चार्जरला कळतं, समोर वीज घेणारं कुणीतरी आहे. तोवर तो पॉवरच्या जाड तारेत काहीच सोडत नाही. इथं ते रेझिस्टरच बसवलेले नाहीत; बसवले, की झालं. जुना चार्जर मात्र काही न विचारता ५ व्होल्ट देत राहतो.

आता मुख्य गोष्ट. लाइन गेली, की चार्जरवरून सोलरच्या बॅटरीवर आपोआप जाणारं, आणि एकाच चार्जरवर आळीपाळीने लॅपटॉप नि टॉर्च लावणारं सर्किट मला घरी हवं होतं. मी रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घेतला आणि फक्त पॉवरची तार लॅपटॉपवरून टॉर्चवर फिरवली. सीसीची बारीक तार लॅपटॉपलाच राहिली. चार्जरचं बोलणं लॅपटॉपशी झालेलं, २० व्होल्टचं. ते २० व्होल्ट सरळ टॉर्चमध्ये. फट्ट आवाज झाला, जळका वास आला. हा बघा चार्जिंगच्या आयसीवरचा खड्डा. बाबांचा टॉर्च होता तो. त्या रात्री ते मोबाइलच्या उजेडात ओलिताला बाऱ्यावर गेले. मला फार लागलं ते.

म्हणून सांगतो, आधी सीसी तोडा, म्हणजे कापू नका, स्विचने सोडवा. तिच्यात करंट नगण्य असतो, छोटा अ‍ॅनालॉग स्विच पुरतो. सीसी तुटली, की चार्जर समजतो केबल निघाली, आणि नियमाप्रमाणे ६५० मिलिसेकंदांच्या आत पॉवर स्वतःच बंद करतो. मीटर लावलाय, बघा... २०... आणि आता ०.८ च्या खाली. इथं आल्यावरच पॉवरची तार फिरवायची, मग नवी सीसी जोडायची. नवं उपकरण आपलं बोलणं पहिल्यापासून करेल.

यात सेकंदभर वीज जाते. मोबाइल, लॅपटॉपला फरक पडत नाही, त्यांच्या पोटात बॅटरी आहे. वायफायचा राउटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होईल. त्याला मध्ये वेगळी बॅटरीच लागते.

पॉवरच्या तारेत रिलेऐवजी मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, टाकणार असाल तर एक पुरत नाही. त्याच्या आत जन्मजात एक डायोड असतो, एकाच दिशेने करंट सोडणारा. मॉसफेट बंद असला तरी उलट्या बाजूने करंट त्यातून जातो, बॅटरीची वीज बंद चार्जरमध्ये शिरते. दोन मॉसफेट पाठीला पाठ लावून जोडा. हे दोन, एकाच पट्टीवर.

आणि आपल्याकडचा मे महिना. टिनाच्या खोलीत पारा ४५ च्या वर जातो, आणि बहुतेक लिथियम सेल त्यापुढे चार्ज करायचे नसतात. म्हणून सेलला हा थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा तुकडा, चिकटवलाय. ४५ झाले, की कंट्रोलर तीच सीसी तोडतो.